कुंदा तिथेच आटवा, ओळखी तिथेच होतील

प्रश्न : माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, सासर बेळगावात शहापूरला. सध्या आम्ही मँचेस्टरजवळ राहतो. मराठी कार्यक्रमाला गेलं की 'तुम्ही कर्नाटकातल्या ना?' असं विचारतात, आणि कन्नड मंडळी मराठी म्हणून जरा हातभर लांबच ठेवतात. घरच्या रेसिपी रोजनिशीसारख्या इंटरनेटवर लिहाव्यात, त्यातून एखादी मैत्रीण मिळते का बघावं, असं मनात आहे. यात वेळ वाया जाईल का?

उत्तर : ताई, बिलकूल वाया जाणार नाही. लिहाच. फक्त पुरणपोळी आणि बटाटेवड्यापासून सुरुवात करू नका, ते हजारो जणींनी लिहून झालंय. तुमच्या घरी जे शिजतं ते लिहा. वरून लसणाची चरचरीत फोडणी ओतलेली अंबाडीची भाजी, जाडसर कुटलेली शेंगाचटणी, चुरमुऱ्यांचं गिरमिट. हे पदार्थ आपल्याकडे मराठी घरात होतात तसेच शेजारच्या कन्नड घरातही होतात. निपाणीची, जतची, धारवाडची, विजापूरची बाई ते वाचून थांबणारच. सीमाभागातल्या माणसाला दोन्हीकडे परकं वाटतं, तो सल मला इथे राहून ठाऊक आहे. पण ताटाच्या बाबतीत आपली माणसं दोन्हीकडे आहेत. म्हणून मैत्रीण मराठीच हवी, हा हट्ट धरू नका. तिथल्या भारतीय दुकानात अंबाडी 'गोंगुरा' म्हणून मिळते. ती जुडी निवडताना शेजारी उभी असलेली तेलुगू बाईसुद्धा तुमची वाचक होऊ शकते.

लिहिताना तुमची अडचण लपवू नका, माणसं तिथेच जोडली जातात. ज्वारीच्या भाकरीचंच घ्या. परदेशात मिळणारं पीठ बहुतेक वेळा जुनं असतं, त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेली असते. गार पाण्यात मळलं की थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकायच्या आत भाकरी मोडते. अशा पिठाची उकळत्या पाण्यात उकड काढा, झाकून ठेवा, कोमट असतानाच भरपूर मळा, मग थापा. हे जिला जमत नव्हतं, ती तुम्हाला लिहिल्याशिवाय राहणार नाही. तिला त्याच दिवशी उत्तर द्या. मैत्रीची खरी सुरुवात या दोन-चार ओळींच्या बोलण्यात आहे, फोटो कितीही चांगला आला तरी.

मिरचीचंही सांगून टाका. आपण तिखटाला संकेश्वरी आणि रंगाला ब्याडगी घालतो. ब्याडगी नाही मिळाली तर काश्मिरी चालते.

कुंद्याचं, आपल्या बेळगावच्या आटीव दुधाच्या मिठाईचं, मात्र सविस्तर लिहा. भारतातून दुधाचे पदार्थ सामानातून ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे बेळगावहून डबा नेण्याचा विचार सोडा. तिथलं निळ्या झाकणाचं, पूर्ण साईचं दूध त्याला चांगलं. दोन लिटर दूध जाड बुडाच्या पातेल्यात आटवा. निम्म्याहून कमी झालं की दोन-तीन चमचे आंबट दही घाला, म्हणजे दूध फुटून दाणा धरतं. मग साखर. साखर घातली की पुन्हा पातळ होतं, तिथे घाबरून गॅस मोठा करायचा नाही. हलवत राहायचं, रंग बदामी आणि मग तपकिरी होईपर्यंत. पांढऱ्यावरच उतरवलात तर तो कलाकंद झाला, कुंदा नाही. थोडी साखर वेगळी वितळवून लालसर करून घातली तर रंग लवकर चढतो. शेवटी वेलची.

माप विचारलंत तर सासूबाई 'अंदाजाने घाल' म्हणतील. त्यांना त्यांची वाटी पाण्याने भरून औषधाच्या मापाने मोजायला सांगा. एकदा मिलिलिटर कळले की लिहायला सोपं. साखर-पीठ तुम्ही वजनकाट्यावर तोला.

काळजीही घ्या. शेंगदाणा असेल तर ते अगदी वर, पहिल्या ओळीत लिहा. तिथल्या कित्येक शाळांत शेंगदाणे न्यायची मनाई असते आणि ॲलर्जी जिवावर बेतू शकते. मुलांच्या शाळेचं नाव, घराचा पत्ता, सुट्टीला कधी जाणार हे लिहू नका. नव्या ओळखीच्या बाईला पहिल्यांदा ग्रंथालयात किंवा एखाद्या कॅफेत भेटा. कुणी लगेच पैशांचं किंवा धंद्याचं बोलायला लागलं तर तिथेच थांबा.

लंडनचं महाराष्ट्र मंडळ 1932 पासून आहे, पण तुमच्यापासून लंडन लांब. रविवारच्या जेवणाला अर्ध्या तासाच्या अंतरावरचं घर हवं. तेव्हा लिहिताना तुमच्या भागाचं नाव तेवढं येऊ द्या, म्हणजे जवळपासच्या बाया समोर येतील. पहिल्यांदा बोलवाल तेव्हा एकाच कुटुंबाला बोलवा, दहा जणांचा स्वयंपाक करून दमू नका. भाजी आणि चटणी आधी करून ठेवा. भाकऱ्या मात्र मैत्रीण आल्यावर, तिच्याशी बोलत थापा. तिलाही परात द्या.