सुपरमार्केटच्या ‘फॅमिली पार्किंग’मध्ये एकट्याने गाडी लावली तर चालते का?

पोलीस पावती फाडणार नाहीत. ती जागा दुकानाने स्वतःच्या आवारात राखलेली असते, त्यामुळे फार तर सिक्युरिटीवाले काका शिट्टी मारतील. पण लावू नका.

‘फॅमिली’ या शब्दाने आपल्याकडे घोळ होतो. बायको सोबत आहे म्हणजे झाली फॅमिली, असा अर्थ लोक काढतात. खरी गरज असते ती पूर्ण दार उघडण्याची. मागच्या सीटवर झोपलेलं बाळ, त्याचा पट्टा, खांद्यावर पिशवी, आणि शेजारची गाडी वीतभर अंतरावर! हे एकदा केलंत की जागा रुंद का ठेवतात ते विचारावं लागत नाही. आमच्या बाणेरला रविवारी संध्याकाळी तर दार उघडताना शेजारच्या गाडीला चरा पडतोच. दहा वर्षांचा मुलगा स्वतः उतरून पळतो, त्याच्यासाठी ही जागा अडवायची गरज नाही. गरोदर बाई किंवा काठी घेऊन चालणारे आजोबा असतील तर मात्र खुशाल लावा, कोणी बोलणार नाही.

व्हीलचेअरचं चिन्ह असलेली जागा वेगळी. तिच्यामागे 2016चा दिव्यांग हक्क कायदा आहे. तिथे ‘दोनच मिनिटं, फक्त दूध घेऊन येतो’सुद्धा नाही.

दुसऱ्याने लावली असेल तर काच ठोकून भांडू नका (पुणेकर असलात तरी). काउंटरवर गाडीचा नंबर सांगा, ते माइकवर पुकारतात.