मिरज-पंढरपूर ‘बार्शी लाईट’ ही अरुंद रुळांची छोटी रेल्वे तोट्यामुळेच बंद झाली का? आणि त्या मार्गाचं पुढे काय झालं?

मी कवठेमहांकाळ तालुक्यातला. आमच्याकडे सगळे तोट्याचंच कारण सांगतात. मला ते अपुरं वाटतं. या गाडीला तिच्या रुळांची रुंदी नडली, आणि गंमत म्हणजे गाडी आमच्या भागात आली तीही त्या रुंदीमुळेच.

मुंबई-मद्रास लाइन बार्शीपासून लांबून गेली होती. म्हणून एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी रेल्वे सुरू केली, तीच ‘बार्शी लाईट’. त्याचा हिशेब सरळ होता. प्रत्येक आसावरचा (चाकांच्या जोडीला जोडणाऱ्या दांड्यावरचा) भार पाच टनांवर ठेवायचा, मग रूळ हलके चालतात, वळणं आवळून घेता येतात, भराव आणि पूल स्वस्तात होतात. १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, आणि १९२७ ला सांगोला, जतरोड, ढालगाव, कवठेमहांकाळ, सलगरे, आरग करत मिरजेला. आमच्या दुष्काळी पट्ट्यात त्या काळी मोठ्या लाइनचा खर्च कुणी केला असता, असं मला तरी वाटत नाही.

पण मिरजेत पुण्याकडची लाइन मीटरगेज (एक मीटर रुंद) होती, तर कुर्डुवाडीत ब्रॉडगेज (साडेपाच फुटी). पुढे जाणारं प्रत्येक पोतं तिथे उतरवून दुसऱ्या डब्यात भरायचं. वेळ जायचा, हमाली पडायची, मालाची नासधूस व्हायची ती वेगळीच. १९७१ ला पुणे-मिरज ब्रॉडगेज झाल्यावर तर मिरज जंक्शनात तिन्ही रुंदीचे रूळ शेजारी-शेजारी होते. बघायला ते फार सुंदर, पण व्यापाऱ्याला थेट दारातून माल उचलणारा ट्रक परवडू लागला. १९५४ मध्ये सरकारने बार्शी लाईटची कंपनी ताब्यात घेतली, तरी रुंदी तीच राहिली. ब्रॉडगेजमध्ये रुंदीकरण झालं ते एकविसाव्या शतकात, टप्प्याटप्प्याने. मिरज-पंढरपूरचा नंबर सगळ्यात शेवटी लागला.

म्हणजे छोटी गाडी गेली, मार्ग चालू आहे. एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातूरला मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली ती याच बाजूने, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून (मालडब्यांतून) सुमारे ५ लाख लिटर पाणी गेलं. वाघिणीला आस चार, म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार आसामागे साडेबारा टन. कॅलथ्रॉपच्या रुळांवर ती वाघीण मिरज स्टेशनातूनही हलली नसती.