‘आमदारांनी तरतूद केली’?

प्रश्न असा आहे : “‘आमदारांनी गावच्या रस्त्यासाठी दोन कोटींची तरतूद केली’ अशी बातमी वाचली. दुसऱ्या बातमीत त्याच पैशांना ‘निधी’ म्हटले होते. तरतूद आणि निधी यांत फरक काय? आणि तरतूद हा शब्द मूळ मराठी आहे का?”

पहिले वाक्य चूक आहे आणि मार्चमध्ये, डिसेंबरमध्ये ते इतक्या वेळा कानावर पडते की आता संताप येतो. आमदार मंत्री नसेल तर तो तरतूद करत नाही. तरतूद सरकार करते, विधानसभा तिला मंजुरी देते. आमदार ती व्हावी म्हणून खटपट करतो. तरतूद आणि निधीतला फरक सरळ आहे : खर्चासाठी कागदावर राखून ठेवलेली रक्कम ती तरतूद, कामासाठी प्रत्यक्ष हाती येतो तो निधी. तरतूद झाली आणि निधी आलाच नाही, हे गावोगावच्या लोकांनी पाहिले आहे.

आता शब्दाकडे. तरतूद म्हणजे अरबी ‘तरद्दुद’, आपल्याकडे फारसीच्या वाटेने आलेला. अर्थ काय? ये-जा करणे, मागे-पुढे होणे! इराणमध्ये आजही रस्त्यावरच्या रहदारीला ‘तरद्दोद’ म्हणतात. उर्दूत तरद्दुद म्हणजे मनाची घालमेल, काळजी. उत्तर हिंदुस्थानातल्या जुन्या महसुली कागदांत तो शेतीच्या मेहनतीसाठी येतो. आणि मराठीत? किल्ल्यावर दाणागोटा भरून ठेवणे, लग्नाची जमवाजमव, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा. ये-जा करणारा शब्द आपल्याकडे येऊन घर करून बसला.

हे कसे झाले असेल? माझे उत्तर आपल्याच ‘यातायात’ या शब्दात आहे. संस्कृतात यात म्हणजे गेलेला, आयात म्हणजे आलेला. यातायात म्हणजे जाणे-येणे. हिंदीने तो वाहतुकीसाठी ठेवला. मराठीत मात्र ‘एवढी यातायात कशाला केलीस?’ म्हटले की कोणी बस-रिक्षा समजत नाही, दगदग समजतो. म्हणजे एकीकडे इराण आणि हिंदी, दुसरीकडे उर्दू आणि मराठी : एक अरबी शब्द, एक संस्कृत शब्द, दोघेही रहदारीतून निघाले आणि दगदगीपर्यंत पोचले. माणूस काम व्हावे म्हणून हेलपाटे घालतो, हेलपाट्यांचा त्रास होतो, त्रासातून सोय उभी राहते. तरद्दुद मराठीत सोयीपर्यंत पोचला, यातायात दगदगीपाशीच राहिली. ‘तरतूद फारसी आहे, पुढचा शब्द घ्या’ असे म्हणून पान उलटणाऱ्यांनी या वाटेवर दोन पावले चालून पाहावे.

उच्चाराचेही बघा. लागोपाठ दोन ‘द’ आले की मराठी जिभेला त्यातला एक ‘त’ करावासा वाटतो. ‘मदद’चे आपण ‘मदत’ केले, ‘तरद्दुद’चे ‘तरतूद’. एकात पुढचा द बदलला, दुसऱ्यात मागचा. नियम म्हणायला दोन उदाहरणे थोडी आहेत हे मान्य, पण मला ती पटतात.

खरा आनंद पुढे आहे. तरद्दुदचा धातू र-द-द, म्हणजे परत फिरवणे. त्याच धातूचा ‘रद्द’. रद्दपासून ‘रद्दी’. आणि रद्द अधिक बदल मिळून ‘रदबदली’, जिचा मराठीत अर्थ झाला दुसऱ्यासाठी शब्द टाकणे. तरतूद, रद्द, रद्दी, रदबदली : सगळी एकाच घरातली.

आता राज्यघटनेचा अनुच्छेद २०३ उघडा. सरकारच्या अनुदानाच्या मागणीवर, म्हणजे एखाद्या खात्याच्या खर्चासाठी मागितलेल्या रकमेवर, विधानसभेला तीनच गोष्टी करता येतात : मान्य करणे, नाकारणे किंवा रक्कम कमी करणे. वाढवता येत नाही. राज्यपालांच्या शिफारशीशिवाय मागणी मांडताही येत नाही, आणि ती शिफारस मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने होते. विधानपरिषदेच्या आमदाराला तर मागण्यांवर मतदानच नाही. म्हणजे सभागृहात आमदाराच्या हाती घटनेने दिला आहे तो ‘रद्द’, तरतूद नव्हे! म्हणून तर आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाचे गाऱ्हाणे मांडायला कपात सूचना द्यायची, पैसे हवेत म्हणून पैसे कापा म्हणायचे, अशी उलटी वाट संसदीय प्रथेत पडली. बाकी सगळी रदबदली : मंत्र्यांची भेट, सचिवाला पत्र, पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे वर्षाच्या मध्येच मागितलेल्या जादा खर्चाच्या, यादीत आपले काम यावे म्हणून धरलेला आग्रह. हे काम कमी दर्जाचे आहे असे मी म्हणत नाही. मतदारसंघासाठी रदबदली करणे हेच त्याचे काम आहे, पण त्याला त्याच्या नावाने हाक मारा. आमदार स्थानिक विकास कार्यक्रमातसुद्धा, जिथे २०२२ मध्ये एका आमदारामागे वर्षाची रक्कम पाच कोटी झाली, आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतात.

काही जण म्हणतात, तरतूद परकी आहे, ‘उपबंध’ म्हणा. का म्हणून? उपबंध ऐकून माझ्या कानाशी हिंदीतले राजपत्र वाजते. हीच मंडळी सावरकरांच्या ‘अर्थसंकल्प’चा दाखला देतात. तो रुळला, डौलदार आहे, मीही वापरतो. पण अनुच्छेद २०२ संकल्पाबद्दल बोलत नाही, वर्षाच्या अंदाजित जमाखर्चाच्या विवरणाबद्दल बोलतो. तिथे ‘अंदाजपत्रक’ जास्त नेमका बसतो, आणि त्यातला अंदाज फारसीत ‘फेकणे’ या क्रियापदाचा, गोलंदाज आणि तिरंदाज यांच्यातलाच. नेम धरून आकडा फेकायचा!

हो, तुमचे वाक्य. ते दुरुस्त करायला मी कोशाकडे जाणार नाही, पारावर जाईन. तिथे लोक ‘दादांनी तरतूद केली’ म्हणत नाहीत. ‘आपला रस्ता दादांनी पुरवणीत बसवून घेतला’ म्हणतात, किंवा ‘पंचवीस-पंधरातून काढला’, म्हणजे २५१५ या लेखाशीर्षातून, सरकारी हिशेबातल्या त्या क्रमांकाच्या खर्चाच्या सदरातून. ‘बसवून घेतला’ यात बसवणारा दुसराच आहे, हे क्रियापदानेच सांगितले. बातमीत तेच लिहा.