अमेरिकेत काउंटी जेलमध्ये असलेल्या माणसाची माहिती कशी मिळवायची?

आधी अटक कुठल्या काउंटीत (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) झाली ते पक्कं करा. काउंटीचं जेल बहुतेक ठिकाणी शेरीफ (काउंटीचा पोलीस प्रमुख) चालवतो आणि त्याच्याच वेबसाइटवर फुकट शोधता येतं. लॉस एंजेलिसमध्ये नाव किंवा बुकिंग नंबर (जेलमध्ये नोंद करताना दिलेला नंबर) टाकला की जामिनाची रक्कम, कोर्टाची तारीख कळते.

आपल्या नावांची मात्र फार गल्लत होते. वडिलांचं नाव कधी मधे, कधी चक्क आडनावाच्या जागी पडतं. सगळ्या जोड्या टाकून बघा. ताजी अटक असेल तर नोंद दिसायला काही तास जातात, तेव्हा सरळ जेलला फोन करा. तरीही पत्ता लागला नाही तर माणूस इमिग्रेशन खात्याच्या ताब्यात असू शकतो; त्या खात्याचा वेगळा ऑनलाइन शोध आहे, तिथे नावासोबत जन्मदेश द्यावा लागतो. पैसे मागणाऱ्या खासगी साइट्सच्या नादी अजिबात लागू नका. भारतीय नागरिकाला आपल्या वकिलातीला कळवा असं सांगण्याचा हक्क आहे, तो त्याने जरूर वापरावा.