रोटसारखं व्हायचंय? आधी त्याची नोकरी बघ

प्रश्न : मी पुण्यात टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इतिहास. सह्याद्रीत बरीच भटकते. स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या ‘डेर बुंड’ या वृत्तपत्राचे संपादक आणि गिर्यारोहक आब्राहाम रोट यांच्यावर एम.ए.ला लघुप्रबंध करायचा आहे. पुढे त्यांच्यासारखंच डोंगरांवर लिहून पोट भरेल का?

उत्तर : पोटाचं आधी. रोटचं घर वृत्तपत्रावर चालायचं, डोंगरावर नाही. १८६२ च्या उन्हाळ्यात त्याने भूगर्भतज्ज्ञ एडमुंड फॉन फेलेनबर्गबरोबर कांडरश्टेगजवळची डोल्डेनहॉर्न आणि वायसे फ्राउ ही शिखरं प्रथमच सर केली. पण सोबतच्या वाटाड्यांची मजुरी द्यावी लागे. या चढायांवरचं पुस्तक आलं पुढच्या वर्षी. म्हणून पदव्युत्तर पत्रकारिता कर आणि सुट्टीत उत्तरकाशी किंवा मनालीचा गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स उरक. तो साधारण चार आठवड्यांचा असतो. ‘ए’ श्रेणी मिळाली तरच अ‍ॅडव्हान्सचं दार उघडतं. सह्याद्रीतल्या सवयीवर विसंबून दमसासाची तयारी न करणारे तिथेच अडकतात.

लघुप्रबंध मात्र जमण्यासारखा आहे. फक्त जर्मन आजच सुरू कर. जुनी वृत्तपत्रं वाचायला बी-२ ही वरची पातळी हवी आणि ए-१ या अगदी पहिल्या पातळीपासून तिथपर्यंत जायला नोकरी-कॉलेज सांभाळून दोन वर्षं सहज लागतात. ‘डेर बुंड’चे जुने अंक स्विस वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहात फुकट वाचता येतात, पण ते फ्राक्टुर या जुन्या जर्मन छापील लिपीत आहेत. त्यात शब्दाच्या मधला ‘एस’ जवळजवळ ‘एफ’सारखाच दिसतो. ‘रायझे’ म्हणजे प्रवास, तो ‘रायफे’ म्हणजे परिपक्वता वाचला जातो! संगणकही हीच चूक करतो, त्यामुळे शोधताना शब्द दोन्ही स्पेलिंगांनी टाकायचा. नाहीतर लेख समोर असून सापडत नाही.

दुसरा सापळा उंचीचा. त्या काळच्या मजकुरात ‘फूट’ दिसला की थांब. स्विस फूट ३० सें.मी.चा, पॅरिस फूट सुमारे साडेबत्तीसचा. वायसे फ्राउची आजची उंची ३,६५० मीटर. ती स्विस फुटांत सुमारे १२,१७० होते, पॅरिस फुटांत ११,२४०. आपल्या ३०.४८ सें.मी.च्या फुटाने हिशेब केलास तर दोन्हीकडे चूक. त्या वेळच्या डुफूर नकाशावर (स्वित्झर्लंडचा सरकारी नकाशा) उंची मीटरमध्येच आहे, पडताळा तिथे घे.

रोटचं सगळं आयुष्य घेऊ नकोस, एम.ए.च्या पानांत मावणार नाही. १८६२ ते १८६४ एवढंच धर : दोन चढाया, पुस्तक, एप्रिल १८६३ मध्ये ओल्टेनला झालेली स्विस आल्पाइन क्लबची स्थापना आणि १८६४ चा क्लबचा पहिला वार्षिकांक. एकाच चढाईचं वर्णन वृत्तपत्रात कसं आणि पुस्तकात कसं, ही तुलना मार्गदर्शकांपुढे ठेव. हस्तलिखित पत्रांच्या वाटेला तूर्तास जाऊ नकोस. त्यांची कुरेंट लिपी वेगळी आहे, फ्राक्टुर येतं म्हणून ती वाचता येत नाही.