जपानी नोटांसाठी 60 हजारांची एफडी मोडू का?

दादा, एफडी मोडू नका. हे आधीच सांगतो, कारण खाली वाचाल न वाचाल.

तुम्ही लिहिलंय की आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीतून बर्माला लढायला गेलेले, त्यांच्या ट्रंकेत जपान सरकारचं नाव छापलेल्या दहा रुपयांच्या नोटा सापडल्या, आणि आता ऑनलाइन एकजण तसल्याच 200 नोटांचा गठ्ठा 60 हजारांना देतोय, वर सांगतोय की जपान कधीतरी याचे पैसे देणारच.

नाही देणार हो. 1942 ला जपानी फौज बर्मात घुसली आणि त्यांनी या नोटा काढल्या, त्याही रुपयातच, कारण तिथे रुपयाच चालायचा, तिथलं चलन आपली रिझर्व्ह बँकच बघायची. मागे ना सोनं ना चांदी, छापायचं आणि लोकांकडून माल उचलायचा. भाव भडकले ते वेगळंच. 1945 ला इंग्रज परत आले, त्यांनी या नोटा मानल्याच नाहीत, ज्यांच्या घरात होत्या त्यांचे बुडाले. पुढे 1954 च्या करारात जपानने बर्माला युद्धाची 20 कोटी डॉलर भरपाई कबूल केली खरी, पण ती सरकारला. भारताने तर 1952 लाच आपल्या भरपाईवर पाणी सोडलेलं. हाँगकाँगवाले तिथे जपानी फौजेने चालवलेल्या तसल्याच नोटांसाठी, म्हणजे मिलिटरी येनसाठी, टोकियोच्या कोर्टात गेले, तेही 1999 ला हरले, आणि त्यांची तर आयुष्याची कमाई अडकली होती!

राहिला कलेक्शनचा मुद्दा. नोटेवरच्या कोडचं पहिलं अक्षर बी असेल तर बर्मा, एम असेल तर मलाया. सैनिकांनी आठवण म्हणून या इतक्या घरी आणल्या की साध्या नोटा अजूनही ढिगाने मिळतात. तुम्हाला एक 300 ला पडतेय, विकायला गेलात की डीलर घाऊक भावात मागणार, आणि तोवर व्याज शून्य. हौस असेल तर एखाद-दुसरी घ्या ना, गठ्ठा कशाला?

त्यापेक्षा ट्रंक परत एकदा उपसा. सहाव्या जॉर्जचं चित्र असलेली रिझर्व्ह बँकेची नोट आणि त्यावर 'मिलिटरी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ऑफ बर्मा' असा वरून मारलेला इंग्रजी छापा दिसला तर ती बाजूला काढा, ती इंग्रजांनी 1945 ला तिथे चालवलेली, जाणकाराला दाखवण्यासारखी. आणि कुठल्याच नोटेला लॅमिनेशन नको, इस्त्री तर अजिबात नको.