‘वल्हांडण’मध्ये वल्हं आहे का?

एका वाचकानं विचारलं आहे : “मराठी बायबलमध्ये ‘वल्हांडण सण’ असा शब्द येतो. इस्राएली लोकांनी तांबडा समुद्र पार केला त्याची आठवण म्हणून हा सण असेल, तर या शब्दात ‘वल्हं’ आहे का? आणि ख्रिस्ती लोक येशूला वल्हांडणाचा कोकरा का म्हणतात?”

वल्ह्याशी याचा संबंध नाही. ‘ओलांडणे’चंच दुसरं रूप ‘वलांडणे’, ‘वल्हांडणे’. ओळखची वळख होते, ओटीची वटी होते, तसाच हा बदल. ही रूपं आता फारशी कानावर पडत नाहीत, त्यामुळे शब्द एकटा पडला आणि आपण त्याला वल्ह्याशी जोडू लागलो.

पण ओलांडलं कुणी आणि काय? समुद्र नव्हे. बायबलमधल्या ‘निर्गम’ या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायातली गोष्ट त्याच्या आधीच्या एका रात्रीची आहे. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलामीत असलेल्या इस्राएली लोकांना आज्ञा होते : महिन्याच्या दहाव्या दिवशी मेंढरांतला किंवा बकऱ्यांतला एक वर्षाचा, अव्यंग नर निवडा, चौदाव्या दिवसापर्यंत सांभाळा, संध्याकाळी कापा आणि एजोब नावाच्या झुडपाच्या जुडीनं त्याचं रक्त दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावा. त्या रात्री मिसरातले प्रथम जन्मलेले मरतील, पण ज्या दारावर रक्त दिसेल ते घर परमेश्वर ओलांडून जाईल.

इथे मराठी वाचक हमखास अडखळतो. आपण ‘उंबरा ओलांडला’ म्हणतो तेव्हा माणूस आत येतो. वल्हांडणात नेमकं उलट आहे. ‘एसटी आमचं गाव ओलांडून गेली’ म्हणजे न थांबता पुढे गेली, तो हा अर्थ. त्याच अध्यायात पुढे म्हटलं आहे की मुलं विचारतील, हा काय विधी? तेव्हा सांगा, त्यानं आपली घरं ओलांडली म्हणून. हिब्रूत सणाचं नाव ‘पेसाह’ आणि क्रियापद ‘पासाह’, म्हणजे उत्तरातच नावाची फोड होते. मराठी भाषांतरकारांनी वल्हांडण शब्द घेतला म्हणून ती फोड मराठीतही ऐकू येते. मला ही निवड फार मोलाची वाटते. इंग्रजीत विल्यम टिंडलनं १५३० साली असाच, ‘वरून जाणे’ या अर्थाचा ‘पासओव्हर’ हा शब्द घडवला.

मूळ क्रियापद मात्र ‘ओलांडणे’पेक्षा रुंद आहे. बायबलमधल्या राजांच्या पहिल्या पुस्तकात संदेष्टा एलिया लोकांना विचारतो, दोन मतांमध्ये कुठवर लंगडणार? तिथे हेच क्रियापद आहे. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकतिसाव्या अध्यायात पक्षी पिलांवर घिरट्या घालतो तसा परमेश्वर यरुशलेमवर पाखर घालील असं आहे, तिथेही हेच. म्हणून काही अभ्यासक पेसाहचा अर्थ ‘रक्षण करणे’ असा लावतात : परमेश्वर दारापाशी उभा राहतो आणि प्रथम जन्मलेल्यांना मारणाऱ्या संहारकाला आत येऊ देत नाही. निर्गम १२:२३ वाचताना हा अर्थ मला जास्त पटतो, कारण तिथे संहारकाला अडवल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. वल्हांडणात ही पाखर उतरत नाही.

समुद्र पार करण्याचा तुमचा तर्क चुकला तरी त्याला जुनी सोबत आहे. पहिल्या शतकातल्या अलेक्झांड्रियाच्या फिलो या ज्यू तत्त्वज्ञानंही हा सण लोकांच्या पार जाण्याचा मानला. ग्रीकमध्ये पेसाहचं ‘पास्खा’ झालं, आणि ग्रीकमधलं दुःख सोसण्याचं क्रियापद ‘पास्खेइन’. दुसऱ्या शतकातल्या सार्दिसच्या मेलितो या बिशपनं दोन्ही जोडून येशूचं दुःखसहन सणाच्या नावातच वाचलं. ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीननं पुढे सांगितलं, हा शब्द ग्रीक नाही, हिब्रू आहे. तोच पास्खा पोर्तुगीजांच्या तोंडून गोव्यात आला आणि कोंकणीत ईस्टरला ‘पास्क’ म्हणू लागले. कोकणातले मराठीभाषक ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, मात्र आपल्या या सणाला ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. आंबट रसाचं भांडं झाकून ठेवण्यावरून आलेलं हे खास घरगुती नाव.

आता कोकरा. वल्हांडणाचा पशू हा पापाबद्दलचा बळी नव्हता. तो घरानं एकत्र बसून, बेखमीर भाकर आणि कडू भाजीबरोबर खायचा होता. ज्यूंसाठी तो सुटकेची खूण आहे आणि तो अर्थ स्वतःच्या पायावर उभा आहे. ख्रिस्ती वाचन नंतरचं. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना ख्रिस्ताला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हटलं. योहानानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, म्हणजे शुभवर्तमानात, तर तपशील एकेक करून जुळवले आहेत : येशूचा मृत्यू सणाच्या तयारीच्या दिवशी, म्हणजे कोकरं कापली जात त्या दिवशी, आंब म्हणजे आंबट द्राक्षारस एजोबावरून त्याच्या ओठांशी नेलेली, आणि त्याची हाडं मोडली नाहीत, कारण कोकराचं हाड मोडू नये अशी निर्गममध्ये आज्ञा होती. बाकीच्या तीन शुभवर्तमानांत शेवटचं भोजन हेच वल्हांडणाचं भोजन आहे, म्हणजे दिवसांचा हिशेब निराळा पडतो. पाप हरण करण्याची कल्पना मात्र वल्हांडणातून सरळ येत नाही; तिच्यामागे यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातलं, वधाला नेलेलं मुकं कोकरू आणि मंदिरातली इतर अर्पणं उभी आहेत.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. रोजच्या मराठीत ‘कोकरू’ नपुंसकलिंगी. बायबलमध्ये ‘देवाचा कोकरा’. योहानाच्या शुभवर्तमानात ग्रीक शब्द ‘आम्नोस’ पुल्लिंगी आहे आणि निर्गममध्ये नरच सांगितला आहे, त्यामुळे तिथे कोकरा शोभतो. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, मात्र ग्रीक शब्द बदलतो. तिथे ‘आर्नियोन’ येतो, नपुंसकलिंगी आणि घडणीनं लघुत्ववाचक, अगदी आपल्या ‘कोकरू’सारखा. तरी मराठीनं सिंहासनापाशीही कोकराच उभा केला.